तारीख सांगायची नाही

उतरायचं ते सोमवारी, १५ जून २०२० ला, सकाळी साडेसातच्या सुमारास. ठिकाण वणी, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक. नाकातोंडावर काहीतरी बांधूनच उतरा. घरी शिवलेला मास्क चालेल, गळ्यातला गमछाही चालेल. दवाखान्यातला भारी मास्क मात्र नको, लोक बिचकतात. कुठून आलात असं कुणी विचारलंच तर मुंबई-पुण्याचं नाव काढू नका, नाशिकचंही जपून घ्या आणि मालेगावचं तर अजिबात नको. एप्रिलमध्ये मालेगावात रुग्ण सापडू लागले तेव्हापासून सगळ्या जिल्ह्याने त्या नावाची धास्ती घेतली आहे. परका माणूस दिसला की पोलीस पाटलाला फोन जातो, आणि बाहेरून आलेल्याला चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवायची रीत पडली आहे. तुम्हाला जायचंय शाळेतच, पण अशा वाटेने नव्हे.

हातात एक फाइल धरा, खिशाला पेन लावा. सर्वेक्षणाला आलेला माणूस समजून कुणी फार चौकशी करणार नाही. त्या उन्हाळ्यात गावोगाव सर्वेक्षणंच चालली आहेत.

आणि एक अट. पुढच्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत. त्या इथे कुणाला सांगायच्या नाहीत.

उत्तरेकडे सप्तशृंग आणि मार्कंड्या ढगात आहेत. सप्तशृंगी देवीचा गड मार्चपासून भाविकांना बंद आहे. रामनवमीला सुरू होऊन चैत्र पौर्णिमेपर्यंत चालणारा चैत्रोत्सव यंदा झालाच नाही. खानदेशातून रणरणत्या उन्हात पायी येणारे, रस्त्याच्या कडेला पाणी पिऊन पुढे नांदुरीकडे सरकणारे ते जथे आले नाहीत. ज्या परिसराचं वर्ष देवीच्या यात्रांवर मोजलं जातं, तिथे यंदा चैत्र कधी आला नि कधी गेला ते कळलं नाही. द्राक्षांचं तर विचारूच नका. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा माल वेलीवर होता. व्यापारी फिरकले नाहीत, आणि ज्यांना जमलं त्यांनी बेदाणा केला. आता खरड छाटणीनंतरच्या काड्या मांडवावर पसरल्या आहेत. ३ जूनच्या रात्री निसर्ग वादळाचा पाऊस जिल्ह्यातून गेला, जमिनीत ओल आहे. कुणी टोमॅटोच्या लागवडीच्या घाईत आहे, डोंगराकडच्या पाड्यांवर भात-नागलीच्या रोपांची तयारी चालली आहे. पिकांच्या कामाला कुणाच्या आदेशाची गरज नसते. शाळेला असते.

त्यामुळे आज १५ जून असूनही वणीच्या रस्त्यावर एकही दप्तर दिसत नाही. विदर्भ सोडला तर उरलेल्या महाराष्ट्रात शाळा उघडायची ही ठरलेली तारीख. विदर्भात उन्हामुळे ती २६ जून. एरवी आजच्या दिवशी शाळेच्या दाराला आंब्याचं तोरण असतं, प्रभातफेरी निघते, पहिलीत नाव घातलेल्या पोरांना फूल देऊन आत घेतात, नवी कोरी पुस्तकं हातात पडतात आणि दुपारी काहीतरी गोड. पहिलीतली निम्मी पोरं रडत असतात, उरलेली त्यांच्याकडे बघत असतात. सरकारी भाषेत याला प्रवेशोत्सव म्हणतात.

नाक्यावरून एक स्कूटी निघेल, तिच्या मागे लागा. चालवणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. राहतात वणीत, भाड्याच्या खोलीत. शाळा डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. दुसरे शिक्षक अजून कोविड ड्युटीवर आहेत. ही ड्युटी कायद्याबाहेरची नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायला मनाई आहे, पण तीन कामं त्यातून वगळली आहेत: जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. महामारी म्हणजे आपत्तीच. म्हणून या वर्षी गुरुजी कुठे नाक्यावर वाहनांची नोंद घेत उभे राहिले, कुठे रेशन दुकानापुढच्या रांगेत, कुठे आशाताईंच्या मागोमाग घरोघर.

बाई कुलूप काढतील. आत शिरताना जरा थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच आहे, खाली पटसंख्या आणि उपस्थिती, त्याखाली एक सुविचार. तिसरी-चौथीच्या खोलीत सतरंजीची वळकटी आणि खिडकीत साबणाची अर्धी वडी. मे महिन्यात कामावरून परत आलेलं एक कुटुंब या खोलीत राहून गेलं. भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याला दोरी बांधून त्यांनी कपडे वाळत घातले होते; दोरी अजून आहे. बाईंनी कालच फिनाइलने फरशी पुसून घेतली. तरी एक-दोन पालकांनी विचारलंच, त्या खोलीत आमची पोरं बसवणार का?

कोपऱ्यात शालेय पोषण आहाराची रिकामी पोती घडी करून ठेवली आहेत. टाळेबंदीत शिल्लक तांदूळ आणि कडधान्य मुलांच्या घरी वाटून टाकायचा आदेश आला होता. ते वाटप बाईंनी मापं लावून, सह्या घेऊन, अंतर ठेवून रांगा लावून केलं. मार्चनंतर पोरांची त्यांची भेट झाली ती तेवढीच, आणि तीही पिशव्या धरून.

आता त्या टेबलापाशी बसल्या आहेत. वर्षाच्या आरंभी शिक्षकाला किती कागद लागतात ते एकदा बघून घ्या. दाखलपात्र मुलांची यादी अंगणवाडीताईंकडून आणलेली. जनरल रजिस्टर. नवीन हजेरीपट, रकाने आखून. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन, वेळापत्रक. गेल्या वर्षीचं निकालपत्रक, ज्यात दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचा रकानाच रिकामा, कारण पहिली ते आठवीची परीक्षा न घेता मुलांना वरच्या वर्गात घालायचा निर्णय मार्चमध्येच झाला. दहावीचा भूगोलाचा पेपरही त्याच महिन्यात राहिला तो राहिलाच.

वार्षिक नियोजनाच्या पहिल्या ओळीशी बाईंचं पेन थांबतं. तिथे लिहायचं असतं, कामाचे दिवस. जून महिन्यात किती? जुलैत किती? त्या पेन्सिलीने एक आकडा लिहितात, खोडतात. शेवटी जूनपुढे आडवी रेघ ओढतात आणि जुलैच्या रकान्यात पेन्सिलीनेच पूर्ण महिना धरतात.

इथे पहिल्यांदा तुमच्या जिभेवर येईल. आवरा.

दुसरी एक वही त्यांच्या पिशवीत आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची. ती कुठल्याही परिपत्रकात मागितलेली नाही. पहिल्या पानापासून मुलांची नावं, प्रत्येक नावापुढे घरातल्या फोनची माहिती. कोणाकडे टच मोबाईल, कोणाकडे साधा, कोणाकडे नाहीच. आहे तो कोणाच्या खिशात असतो. बापाच्या खिशात असेल तर बाप किती वाजता घरी येतो. रिचार्ज केव्हा संपतो. रेंज कुठे मिळते: घरात, ओट्यावर, की टेकाडावरच्या आंब्याखाली. ही माहिती फोनवर गोळा करता येत नाही, हे तुमच्याही लक्षात येईल. ज्याच्याकडे फोन नाही त्याला फोन करून विचारणार कसं? म्हणून बाई आज उरलेल्या घरांना जाणार आहेत. चला.

पाड्यावरची वाट निसरडी आहे, सांभाळून. पहिल्या घरी आजी एकटी, बाकी सगळे द्राक्षबागेत कामाला. दुसऱ्या घरी चौथीतला मुलगा शेळ्या सोडायच्या बेतात. बाईंना बघून तो शेळी सोडून पळत सुटतो, दाराआडून पाहतो, मग गंजी घालून बाहेर येतो. बाई त्याला सात आठे विचारतात. तो बरोबर सांगतो. आठ साते विचारतात, तिथे अडखळतो. त्याची आई हात पुसत येते.

"मॅडम, शाळा कव्हा भरणार?"

"पत्र आलं की सांगते ना, ताई."

"पंधरा दिवस लागतील?"

"तेवढे लागतीलच."

हा "पंधरा दिवस" लक्षात ठेवा. या काळात तुम्ही जिथे जाल तिथे तो भेटेल. मार्चमध्ये आधी मार्चअखेर म्हणाले, मग १४ एप्रिल, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे, आता ३० जून. आज मागे वळून बघताना आपल्याला शाळाबंदीचा एक लांबच लांब सलग पट्टा दिसतो. पण त्या घराच्या ओट्यावर उभं राहिलं की कळतं, तसं कुणीच जगलं नाही. शाळा कायम पंधरा दिवसांवर होती. उघडायची तयारी करायची, ती मोडायची, पुन्हा करायची. माणूस लांबचा रस्ता धरून चालतो तेव्हा पाय वेगळे टाकतो. इथे प्रत्येक वळणाला गाव आलंच असं सांगितलं जात होतं.

पुढच्या घरी पहिलीचं नाव घालायचंय. मुलगी सहा वर्षांची, आईच्या पदराला धरून उभी. बाई वहीत नाव लिहितात, जन्मतारीख आधारवरून उतरवतात, आणि मास्क खाली करून क्षणभर तिला चेहरा दाखवतात. नियमात न बसणारी गोष्ट, पण पहिलीच्या बाईंचा चेहरा पोराने पाहिलेला नसावा हे त्यांना पटत नाही. घरात ही मुलगी कोकणा आदिवासींची कोकणी बोलते. शाळेची मराठी तिच्या कानावर पडायला अजून सुरुवात व्हायची आहे. अंगणवाडीही बंद. पहिलीतलं शिकवणं हे निम्मं कानांचं काम असतं: गाणी, गोष्टी, वर्गातला गलका, शेजारच्याचं ऐकून चुकत चुकत बोलणं. हे फोनवरून कसं करायचं, याचं उत्तर बाईंकडे नाही, केंद्रप्रमुखांकडे नाही, पुण्यातल्या शिक्षण खात्याकडेही नाही. एप्रिलपासून राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून रोज "शाळा बंद, पण शिक्षण आहे" या नावाने व्हॉट्सॲपवर अभ्यासाच्या लिंक येतात. चौथीच्या दोघांचौघांना त्या उघडता येतात. या मुलीच्या घरी साधा फोन आहे, त्याचेही काही आकडे दाबले जात नाहीत.

परतताना मोरीच्या कठड्यापाशी बाई स्कूटी थांबवतील. रेंज तिथे येते. ग्रुपवर पीडीएफ आलेली असेल, आजच्याच तारखेची. सगळे शिक्षक ज्याची वाट बघत होते तो हाच कागद. ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही तिथे टप्प्याटप्प्याने शाळा सुरू करायच्या. नववी, दहावी, बारावी जुलैपासून. सहावी ते आठवी ऑगस्टपासून. तिसरी ते पाचवी सप्टेंबरपासून. पहिली-दुसरीचं शाळा व्यवस्थापन समितीच्या सहमतीने ठरवायचं. ऑनलाइन शिकवायचं तर तिसरीपासून पुढे, पहिली-दुसरीला नको.

बाई तो कागद दोनदा वाचतात. मग दोनशे पानी वही कठड्यावर ठेवून त्यात तीन रकाने पाडतात. शाळा सप्टेंबरला भरली तर काय करायचं. दिवाळीनंतर भरली तर काय. भरलीच नाही तर काय. पहिल्या रकान्यात भराभर लिहितात: दोन पाळ्या, एका बाकावर एक, हात धुवायला नळाला दोन तोट्या. दुसरा रकाना अर्धा भरतो. तिसऱ्यात फक्त "ओटे" असं लिहून त्याखाली रेघ मारतात.

आता खरी परीक्षा तुमची आहे. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे आहात आणि तुम्हाला ठाऊक आहे की सप्टेंबरात काही भरणार नाही. नववी ते बारावीला राज्य २३ नोव्हेंबर ही तारीख देईल आणि नाशिक जिल्हा तीही पुढे ढकलून ४ जानेवारी २०२१ वर नेईल. पाचवी ते आठवीसाठी २७ जानेवारी. पहिली ते चौथीचा वर्ग या शैक्षणिक वर्षात भरणारच नाही. मग दुसरी लाट येईल, पुन्हा जून, पुन्हा रिकामं अंगण. खेड्यांतल्या पहिली ते चौथीला सरकार तारीख देईल ती १ डिसेंबर २०२१. आजपासून साडेसतरा महिने. सांगितलं तर बाई पहिले दोन रकाने खोडून टाकतील आणि उद्यापासून तिसऱ्याच्या कामाला लागतील. वेळापत्रकं, दोन पाळ्या, बाकांमधली अंतरं यांत दोन महिने जाणार नाहीत.

माझं मत विचाराल तर सरकारने तेव्हा हेच करायला हवं होतं. आजाराचं पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, हे कबूल. पण सहा वर्षांचं मूल सगळ्यात शेवटी वर्गात येणार, एवढं त्या पंधरा जूनच्या कागदावरच दिसत होतं. लहान वर्गांना यंदा शाळा नाही, वर्षभर घराघरांतच शिकवायचं आहे, त्यासाठी इतका कागद, इतके खडू, इतकं पेट्रोल घ्या, असं स्पष्ट सांगितलं असतं तर शिक्षकांना वाईट वाटलं असतं आणि हात मोकळे झाले असते. त्याऐवजी आशा पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्याने मिळत राहिली. "नाही" सांगायला आपल्याकडे फार वेळ लावतात.

असो. सांगायचं नाही म्हणजे नाही. थोडं पुढे सरका.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. पाऊस धरून आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी टिलीमिली ही मालिका लागते. पाड्यावर ज्या घरी टीव्ही आणि वीज दोन्ही एकाच वेळी असतात तिथे पोरं जमतात. २५ जुलैला अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी झाला आहे. शेजारच्या पालघर जिल्ह्यात दांडवळला दिगंत स्वराज फाउंडेशनची माणसं लाउडस्पीकरवरून धडे ऐकवत गावात फिरतात. बाईंच्या वहीतला तिसरा रकाना मात्र आता भरून पुढच्या पानांवर गेला आहे. कोणत्या ओट्यावर किती पोरं, कोणत्या वारी, मोठ्या भावंडांपैकी कोण कोणाला वाचून दाखवतं. पुस्तकं त्यांनी पिशवीतून घरपोच केली. स्वाध्यायाची पानं वणीत झेरॉक्स करून आणायची, सोमवारी वाटायची, पुढच्या सोमवारी गोळा करायची. झेरॉक्सचे पैसे पगारातून. सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम सुरू होईल, पुन्हा ड्युट्या लागतील, सोमवार चुकतील. त्याही वहीत आहेत.

याच सप्टेंबरात देशभरच्या खेड्यांत फोनवरून "असर" या शिक्षणाच्या वार्षिक अहवालाचं सर्वेक्षण होईल आणि त्यात दिसेल की शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. दोन वर्षांतली ही वाढ बघून पुष्कळांना हायसं वाटलं. फोन घरी आहे म्हणजे पोराच्या हाती आहे असं नसतं, हे समजायला बाईंच्या वहीतला "बाप किती वाजता येतो" हा रकाना लागतो. डिसेंबरच्या ३ तारखेला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले ग्लोबल टीचर प्राइझ जिंकतील, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटतील. त्या दिवशी शिक्षकांच्या ग्रुपवर परिपत्रकं सोडून पहिल्यांदाच काहीतरी वेगळं फिरेल. बाईही ते पुढे पाठवतील, आणि मग झेरॉक्सला जातील.

आता शेवटचा टप्पा, डिसेंबर २०२१. थंडी पडली आहे, द्राक्षबागांत घड सुटले आहेत आणि अवकाळीची भीती आहे. गड गेल्या वर्षी दिवाळी पाडव्याला उघडला होता, मध्ये पुन्हा बंद झाला, आता उघडा आहे. पाड्यावरच्या शाळेला तोरण लावलं आहे. ती पदराला धरून उभी असलेली मुलगी वर्गात येते. पहिल्यांदाच. पण ती बसते दुसरीच्या ओळीत, कारण कागदावर तिची पहिली झाली आहे. चौथीतला तो शेळ्यांवाला मुलगा इथे दिसणार नाही. त्याची अख्खी चौथी वर्गात न बसता संपली आणि तो आता वणीत पाचवीला जातो. बाई दुसरीच्या ओळीला दुसरीचं पुस्तक देतात आणि फळ्यावर पहिलीचा पहिला पाठ घेतात. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद होईल, हेही तुम्ही सांगू नका.

आता परत या. मास्क काढा.

परत आल्यावर एक काम करा. सरकारदरबारी त्या दोन वर्षांच्या नोंदी आहेत, आदेशांच्या तारखा आहेत, पोर्टलवर भरलेली माहिती आहे. पण कोणत्या ओट्यावर कोण शिकलं, कोणाच्या घरी आठ साते कुठे अडले, कोणाचा फोन कधी बंद पडला, हे फक्त शिक्षकांच्या स्वतःच्या वह्यांत आहे. त्या वह्या दप्तरात धरत नाहीत, त्यांना आवक क्रमांक नाही, बदली झाली की खोली सोडताना त्या रद्दीत जातात. तुमच्या गावच्या शाळेत २०२० साली जे शिक्षक होते त्यांना फोन करा, वही आहे का विचारा. असेल तर मुलांची नावं झाकून पानांचे फोटो काढून घ्या आणि गावच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. या दिवाळीची घरातली आवराआवर सुरू व्हायच्या आत केलंत तर बरं.